सनद कोणाच्या हातीं?



अंगांत ताप भरला तर कोणाकडे जावें, हें आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु घरांतील तरुण मुलगी भरल्या ताटावरून उठूं लागली, हाडें दिसूं लागलीं तरी ‘मी जाड आहें’ असेंच म्हणूं लागली, तर तिला कोणाकडे न्यावें? कोणी याला हट्ट म्हणतो, कोणी उपासाचें खूळ. कोणी बाहेरची बाधा समजून देवापुढें गाऱ्हाणें घालतो. हा एक आजार आहे, असें लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनीं १८७३ सालींच मांडलें होतें. त्यावर उपचार करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र आपल्या देशांत पुष्कळ काळ अनिर्णीत राहिला. त्या अधिकाराचा इतिहास आज थोडक्यांत पाहूं.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें. १८५१ सालीं तेथून पहिले पदवीधर बाहेर पडले, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांतलेच. परंतु परीक्षा उतरलेला कोण आणि नुसताच डॉक्टर म्हणविणारा कोण, हें लोकांस दाखविणारी सरकारी नोंदवही तेव्हां नव्हती.

आमच्या रत्नागिरीस मनोरुग्णांचें इस्पितळ १८८६ सालीं सुरू झालें. ब्रह्मदेशचा राजा थिबा बंदिवान होऊन येथें आला, तेंही हेंच साल. इस्पितळांतील रोग्यांची स्थिति तरी बंदिवानाहून फारशी निराळी नव्हती. कारण त्या वेळीं लागू असलेल्या १८५८ च्या कायद्याचा रोख रोग्यास बरें करण्यापेक्षां त्यास बंदोबस्तांत ठेवण्याकडे अधिक होता.

पुढें १९१२ सालीं दोन कायदे झाले. मुंबई इलाख्याच्या वैद्यक कायद्यानें डॉक्टरांची नोंदणी सुरू केली. हिंदुस्थान सरकारच्या दुसऱ्या कायद्यानें मनोरुग्णास इस्पितळांत कसें ठेवावें हें ठरविलें. नातलगांच्या अर्जासोबत दोन डॉक्टरांचे दाखले लागत. पण दाखला देणाऱ्यानें मनोविकारांची वेगळी परीक्षा दिलेली असावी, अशी अट नव्हती. एका सहीनें माणसाचें स्वातंत्र्य जाण्याची वेळ येई, आणि सही करणाऱ्यास मनाचें ज्ञान किती, हें कोणीच विचारीत नसे.

१९३८ सालीं मुंबई सरकारनें वैद्य व हकीम यांच्या नोंदणीचाही कायदा केला. शरीराच्या चिकित्सेला अशी शिस्त लागत गेली. मनाच्या चिकित्सेची पाळी त्यानंतर आली. बंगळूर येथें १९५४ सालीं मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानें चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण-परिचारिका आणि समाजकार्यकर्ता यांची व्याख्या त्यांत आहे. आहारतज्ज्ञ व समुपदेशक यांना २०२१ च्या कायद्यानें या व्यवस्थेंत जागा दिली.

या साऱ्याची सामान्य गृहस्थास कशाला उठाठेव, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या देहास मायेपोटीं एकदम भरपेट जेवूं घातलें, तर रक्तांतील क्षारांचें प्रमाण ढळून हृदय बंद पडूं शकतें. म्हणून अशा रोग्याचें रक्त व नाडी पाहणारा डॉक्टर लागतो, त्याच्या मनांतील भय जाणणारा चिकित्सक लागतो, आणि घास बेताबेतानें वाढविणारा आहारतज्ज्ञही लागतो. यांपैकीं एकानेंच ‘मी सगळें पाहतों’ म्हटलें, तर सावध व्हावें.

केवळ अन्नविषयक मनोविकारांसाठीं अशी निराळी सनद भारतांत कायद्यानें ठरविलेली नाहीं. अमेरिकेंत व्यावसायिक संस्था तशीं प्रशस्तिपत्रें देतात. म्हणून आपणांस दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, ‘आपलें नांव कोणत्या नोंदवहींत आहे?’ दुसरा, ‘असे रोगी आपण कोणाच्या देखरेखीखालीं हाताळलेत?’ हे प्रश्न विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. सच्चा चिकित्सक त्यांनीं रागावणार नाहीं.

शाळेंत जन्म घालविलेला मी मनुष्य. दाखला म्हणजे विद्या नव्हे, हें मी जाणतों. उत्तीर्ण झालेले सगळेच शहाणे निघत नाहींत. तरीही नोंदवहीचा एक उपयोग राहतोच. नोंदलेल्या माणसाच्या हातून हयगय झाली तर जाब कोठें मागावा, हें ठाऊक असतें. नोंद नसलेल्याचें दार बंद झालें कीं आपली दादही तेथेंच संपते. सनद ही चिकित्सकाचा मान वाढविण्यासाठीं निघाली, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः ती रोग्याच्या हातांत दिलेली काठी आहे. ज्या मुलीला आपल्या देहाचें खरें रूपच दिसेनासें झालें आहे, तिच्या वतीनें ती काठी घरच्या वडीलधाऱ्यांनीं धरावयाची असते.