माथेरानमधील कार्यालयीन मुक्काम : नियोजनाची सुरुवात दस्तुरी नाक्यापासून

रोजच्या कामाच्या रगाड्यात एकाच मजल्यावर बसणाऱ्या सहकाऱ्यांनाही एकमेकांशी निवांतपणे बोलणे जमत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी अनेक कंपन्या एखाद-दोन दिवस कर्मचाऱ्यांसह बाहेरगावी मुक्काम करतात. 'ऑफसाइट' या नावाने रूढ झालेल्या या उपक्रमासाठी शांत, लहान गावाची निवड स्वाभाविक ठरते. मात्र, लहान गाव ही शहराची छोटी आवृत्ती नव्हे. तेथील रस्ता, पाणी आणि वाहतूक यांच्या मर्यादा ओळखूनच बेत आखावा लागतो. माथेरान हे त्याचे बोलके उदाहरण होय.

गावाची ओळख
रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे गिरिस्थान वसले आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये या डोंगराकडे लक्ष वेधले. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनाचा अपवाद वगळता गावात मोटारगाड्यांना बंदी आहे. त्यामुळे कंपनीची बस वा मोटार हॉटेलच्या दारापर्यंत जाणार, हे गृहीत धरता येत नाही.

शेवटचे तीन किलोमीटर
मुंबई-कर्जत लोकलने नेरळला उतरून टॅक्सीने घाट चढता येतो. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठ सुमारे तीन किलोमीटरवर आहे. हे अंतर पायी, घोड्यावरून किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या शटल गाडीने पार करावे लागते. शटलमधील जागा मर्यादित असल्याने मोठा गट एकाच फेरीत जाईलच, असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये येथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. परंतु त्यांची संख्याही मोजकीच. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिले. साहजिकच तिच्या भरवशावर बेत आखू नये.

नियोजनाची खरी कसोटी येथेच लागते. गुडघेदुखी असलेले ज्येष्ठ सहकारी, गर्भवती कर्मचारी, चाकाची खुर्ची वापरणारे सहकारी यांची सोय काय, हा प्रश्न हॉटेलचे आरक्षण करण्यापूर्वीच सुटला पाहिजे. ही विचारणा सर्वांसमोर न करता व्यक्तिशः करावी. चारचौघांत अडचण सांगण्याऐवजी 'घरी काम आहे' असे सांगून गळणारेच अधिक असतात. एका सहकाऱ्याची सोय होत नसेल, तर त्याला वगळण्यापेक्षा गाव बदलावे. ज्या उपक्रमाचा हेतूच सर्वांना एकत्र आणणे हा आहे, त्यात असे वगळणे त्या हेतूलाच छेद देते.

दिवस आणि ऋतू
शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते. शिवाय तो कर्मचाऱ्यांचा घरचा वेळ. मंगळवार ते गुरुवार हे दिवस निवडल्यास गाव शांत मिळते आणि कोणाच्या सुट्टीवर गदा येत नाही. पावसाळ्यात डोंगर विलोभनीय दिसतो. पण त्या काळात नेरळ ते अमन लॉज ही रेल्वेसेवा बंद असते आणि घाटात दरड कोसळण्याचा धोका संभवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या मानाने निर्धोक.

सामान आणि कार्यक्रम
सामान हमालांकडून वर न्यावे लागते. त्यामुळे पडदे, ध्वनिक्षेपक आणि भेटवस्तूंची खोकी यांचा मोह आवरावा. चर्चेसाठी एक फळा आणि कागद पुरेसे ठरतात. तांबड्या धुळीत चालायचे असल्याने साधे, भक्कम बूट घालण्याची सूचना आधीच द्यावी. माकडे हातातील पिशव्या पळवतात, हेही सांगून ठेवावे. अनेक हॉटेलांचे दर जेवणासह असतात. सभागृह, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था आणि खोल्या रिकाम्या करण्याची वेळ यांची लेखी खातरजमा करावी.

पहिला दिवस प्रवासातच बराच सरतो, हे ध्यानात घेऊन दुपारी एक आणि दुसऱ्या सकाळी एक, अशा दोनच बैठका ठेवाव्यात. सायंकाळी शार्लोट तलाव वा एको पॉइंटपर्यंतची फेरी पुरे. मात्र, अंधारात कड्यांजवळ कोणीही जाऊ नये. दम्याची वा हृदयविकाराची औषधे नियमित घेणाऱ्यांनी ती सोबत ठेवावीत. जवळच्या दवाखान्याचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक गटातील प्रत्येकाकडे असावा.

पाहुण्यांचे कर्तव्य
शार्लोट तलाव हा गावाचा जुना जलस्रोत. त्याखेरीज नेरळहूनही पाणी उपसून डोंगरावर चढवावे लागते. त्यामुळे पाण्याची उधळपट्टी टाळावी आणि प्लास्टिकचा कचरा परत खाली न्यावा. घोडेवाले व हमाल यांचा दर आधी ठरवून पूर्ण मोबदला द्यावा. चिक्की आणि चपलांच्या खरेदीसाठी बाजारपेठेत तासभर राखून ठेवल्यास स्थानिकांनाही चार पैसे मिळतात.

परतीच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर लगेच निघणे इष्ट. शटल, टॅक्सी आणि लोकल यांच्या वेळा जुळवून दूरच्या उपनगरात राहणारा सहकारीही रात्र होण्यापूर्वी घरी पोहोचेल, असा हिशेब ठेवावा.