समुद्रानें परत दिलेला चमचा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि दप्तरें एवढींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं चिखलांत सांपडणारे मुलाम्याचे काटे-चमचे हेहि एक साधन आहे, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. पण त्यांच्या दांड्याच्या पाठीवर जो चार-दोन अक्षरांचा लेख असतो, तो वाचण्यास ताम्रपटाइतकीच सावधगिरी लागते. किंबहुना थोडी अधिकच. बनावट ताम्रपट खोटें बोलतो. हा लेख अक्षरशः खरा असूनहि पाहणाराचा गैरसमज व्हावा अशा बेतानें ठोकलेला असतो.

अस्सल चांदीवर तेथें परीक्षागृहाचे ठसे असतात. चालता सिंह हा १५४४ पासूनचा ठसा हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदीची ग्वाही देतो. त्याच्या शेजारीं गांवाची खूण असते. बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर, शेफील्डची पूर्वीं मुकुट व १९७५ पासून गुलाब. मुलाम्याच्या मालावर हे ठसे मारण्याचा कारखानदारांस अधिकार नव्हता. तेव्हां त्यांनीं ई, पी, एन्, एस् हीं अक्षरें चार स्वतंत्र चौकटींत अशा डौलानें बसविलीं कीं, हातभर अंतरावरून तीं परीक्षागृहाचींच वाटावीं. अर्थ एवढाच कीं, विजेनें मुलामा दिलेलें निकेल सिल्व्हर. या निकेल सिल्व्हरमध्यें तांबें, जस्त आणि निकेल आहे, चांदी मुळींच नाहीं. आपल्याकडे यालाच जर्मन सिल्व्हर म्हणत आले, आणि त्या नांवांतहि चांदी तितकीच आहे!

१७४३ च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर या कारागिरास असें आढळलें कीं, तापवून सांधलेले तांबें व चांदी एकाच पत्र्याप्रमाणें लाटतां येतात. पुढें जवळजवळ शंभर वर्षें या पत्र्याचें राज्य चाललें. १८४० त बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलत भावांनीं विजेच्या मुलाम्याचें पेटंट घेतलें, आणि तें राज्य हळूहळू लयास गेलें. सायनाइडचें द्रावण वापरण्याची खरी किल्ली जॉन राइट या शस्त्रवैद्याची. ठशांत मात्र नांव एल्किंग्टनांचें. या शोधामुळें सामान्य कारकुनाच्या मेजावरहि सरदाराच्या मेजाची छटा आली. यास आम्ही लबाडी म्हणणार नाहीं. विकणारा व घेणारा दोघेहि सत्य जाणत होते. अज्ञानांत राहावयाचा होता तो फक्त पाहुणा.

समुद्र हा मात्र पाहुण्यासारखा भिडस्त नाहीं. चमच्याचा जो उंचवटा मेजावर टेकतो तेथील मुलामा आधींच झिजलेला असतो. खाऱ्या पाण्यांत उरलेला काळा पडतो, आणि आंतील पिंवळट धातु उघडी होते. तांबूस रंग दिसला म्हणून हर्षभरित होऊन बोल्सोव्हरच्या काळाकडे धांव घेऊं नये, कारण मिश्रणांतील जस्त पाण्यानें निघून गेल्यावरहि तशी लाली येऊं शकते. कालनिर्णयासाठीं अक्षरेंच पाहावींत. चौकटच्या आकाराची नोंदणीखूण १८४२ ते १८८३ या काळांतली. नोंदणीचे साधे आंकडे १८८४ पासूनचे. 'इंग्लंड' असें देशाचें नांव बहुधा १८९१ नंतरचें, कारण परदेशी मालावर उत्पत्तिस्थान हवें अशी अट अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानें घातली. सुरीचें पातें न गंजणाऱ्या पोलादाचें असेल तर ती १९१३ पूर्वींची असणें संभवत नाहीं.

सांपडलेला प्रत्येक चमचा बुडालेल्या जहाजाचा, ही कल्पना फार गोड आहे. पण थेम्सच्या मुखाजवळ ईस्ट टिलबरी येथें जुन्या केराचे ढीग लाटांनीं खचत आहेत, आणि त्यांतून एखाद्या स्वयंपाकिणीनें उष्ट्याबरोबर नकळत फेकलेला चमचाहि बाहेर पडतो. जहाजाचा म्हणावयाचा, तर दांड्याच्या पुढच्या बाजूस कंपनीचें चिन्ह कोरलेलें दिसावें. म्हणूनच घरीं आणतांच त्यास भुकटीनें घासण्याची घाई आम्हांस खटकते. घासल्यानें चांदी तर परत येत नाहींच, उथळ अक्षरें मात्र कायमचीं जातात. आधीं पाण्यानें हलकेंच धुवून, तिरप्या उजेडांत, भिंगाखालीं तीं वाचावींत. जहाजाचाच ठरला, तर ब्रिटनच्या १९९५ च्या नौकानयन कायद्याप्रमाणें २८ दिवसांच्या आंत भग्न जहाजांच्या मालावरील सरकारी अधिकाऱ्यास तसें कळवावें लागतें. थेम्सकांठीं तर शोध घेण्यासच बंदर-अधिकाऱ्यांचा परवाना लागतो.