महागाई वाढली की शेअर पडतात हे दिसतं, पण 'सुरक्षित' बाँडचं काय होतं?

४ मे २०२२. त्या दिवशी सकाळी एलआयसीचा आयपीओ सर्वसामान्यांसाठी खुला झाला होता आणि बाजारात चर्चा त्याचीच होती. दुपारी दोनच्या सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक स्क्रीनवर आले. पतधोरण समितीची पुढची बैठक जूनमध्ये ठरलेली होती. तिची वाट न बघता रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केल्याचं त्यांनी जाहीर केलं. कारण एकच, महागाई. मार्चचा किरकोळ महागाईचा दर ६.९५ टक्के होता आणि आठवडाभरानं आलेला एप्रिलचा आकडा तर ७.७९ टक्के निघाला.

त्या दिवशी सेन्सेक्स १,३०७ अंकांनी, म्हणजे साधारण २.३ टक्क्यांनी आपटला. बातम्या याच्याच झाल्या.

पण त्याच दुपारी बाँडच्या बाजारातही पडझड झाली. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड ७.१२ टक्क्यांवरून ७.३८ टक्क्यांवर गेला. ऐकायला हे पाव टक्का वाटतं, पण १०० रुपयांच्या रोख्याची किंमत त्यामुळे एका दिवसात पावणेदोन रुपयांच्या आसपास खाली आली. केंद्र सरकारनं जानेवारीत ६.५४ टक्के व्याजानं विकलेला रोखा मे महिन्यात ९४ रुपयांच्या जवळपास मिळत होता. देणेकरी कोण, तर भारत सरकार. पैसे बुडण्याची भीती नाही. तरी चार महिन्यांत सहा टक्के गेले.

असं का होतं?

बाँड म्हणजे उसनवारीची चिठ्ठी. तुम्ही १,००० रुपये दिले, समोरचा दर वर्षी ६० रुपये व्याज देणार आणि दहा वर्षांनी मुद्दल परत करणार. हा ६० चा आकडा छापलेला असतो, तो बदलत नाही. आता महागाई वाढली, रिझर्व्ह बँकेनं दर वाढवले आणि बाजारात नवे बाँड ७५ रुपये व्याज देऊ लागले, तर तुमचा ६० वाला बाँड १,००० रुपयांना कोण घेईल? तो स्वस्तात विकावा लागतो. गणित केलं तर त्याची किंमत ८९७ रुपये येते.

इथे मुदत फार महत्त्वाची आहे. हाच बाँड दोन वर्षांचा असता तर किंमत ९७३ पर्यंतच उतरली असती. तीस वर्षांचा असता तर थेट ८२३. जितकी जास्त वर्षं कमी व्याजात अडकायचं, तितका फटका मोठा. २०२२ मध्ये गिल्ट फंडात पैसे टाकलेल्या अनेकांना हेच कोडं पडलं होतं. सरकारी रोख्यांचा फंड, मग एनएव्ही खाली कशी? तर फंडातल्या प्रत्येक रोख्याची किंमत रोज बाजारभावानं मोजली जाते, म्हणून.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बाँड विकूच नका, मुदत संपेपर्यंत धरून ठेवा. ते बरोबर आहे, सरकार पूर्ण पैसे परत देतंच. बँकेतली एफडीही याच जातीची आहे. फक्त तिची किंमत कुणी रोज दाखवत नाही, म्हणून ती पडल्यासारखी वाटत नाही.

पण नुकसान व्हायचं ते होतंच. २०२२ च्या सुरुवातीला मोठ्या बँकांच्या दीर्घ मुदतीच्या एफडीवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. एक लाखाचे वर्षानं १,०५,५०० झाले. आणि एक लाखाला येणारा किराणा, औषधं, गॅस, ७.७९ टक्क्यांच्या दरानं, १,०७,७९० रुपयांचा झाला. पासबुकात साडेपाच हजार वाढले आणि प्रत्यक्षात २,२९० रुपये कमी पडले. त्यातही व्याजावरचा कर अजून कापलेला नाही. व्याजावरच घर चालवणाऱ्या निवृत्त माणसासाठी हा फरक म्हणजे महिन्याच्या बजेटमधून काहीतरी वगळणं. महागाई ६ टक्क्यांवर टिकून राहिली तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते, आणि निवृत्तीनंतरचं आयुष्य त्याहून बरंच मोठं असतं.

मग शेअरवाल्यांचं बरं चाललं म्हणायचं का? सुरुवातीला तर अजिबात नाही. महागाईत कंपनीला दोन बाजूंनी मार बसतो. एक म्हणजे खर्च. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, कच्चं तेल भडकलं आणि रंग, टायर, पॅकिंग या सगळ्यांचा कच्चा माल महागला. दुसरा मार व्याजदराचा. सरकारी रोखा बसल्या जागी साडेसात टक्के देत असेल, तर शेअरची जोखीम घ्यायला गुंतवणूकदार जास्त परतावा मागतो, म्हणजेच कमी किंमत देतो. ज्यांचा नफा अजून पाच-दहा वर्षं लांब आहे अशा कंपन्यांना हे जास्त लागतं. ७६ रुपयांनी आयपीओ आणलेला झोमॅटोचा शेअर जुलै २०२२ मध्ये ४५ च्याही खाली गेला होता. (जुन्या गुंतवणूकदारांचा लॉक-इन संपला, हेही त्यामागचं एक कारण होतं. सगळं खापर महागाईवर फोडता येणार नाही.)

फरक इथे आहे की कंपनीच्या हातात भाव वाढवणं असतं. साबणाची किंमत दोन रुपयांनी वाढते, किंवा पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाचलाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होतात. ग्राहक कुरकुर करतो आणि घेतो. ज्या कंपनीला हे जमतं तिचा नफा काही तिमाहींनंतर महागाईला गाठतो. बाँडच्या ६० रुपयांना ही सोयच नाही. १७ जून २०२२ ला ५१,३६० वर बंद झालेला सेन्सेक्स नोव्हेंबरअखेर ६३,००० च्या वर होता, आणि तोपर्यंत रेपो दरवाढ संपलेलीही नव्हती. तो पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर जाऊन थांबला.

मात्र 'शेअर महागाईला हरवतातच' हे यूट्यूबवरचं ठाम वाक्य जपूनच घ्यावं. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक १९६६ मध्ये १,००० च्या उंबरठ्यावर होता. ऑगस्ट १९८२ मध्ये तो ७७७ होता. मधल्या काळात अमेरिकेतल्या वस्तूंचे भाव जवळपास तिप्पट झाले होते. महागाई दोन-चार तिमाहींची असेल तर कंपन्या सावरतात. ती दशकभर मुक्काम ठोकून बसली, तर भाव वाढवूनही नफा पुरत नाही.

त्याच अमेरिकेत सप्टेंबर १९८१ मध्ये दहा वर्षांचे सरकारी रोखे १५ टक्क्यांहून जास्त यील्ड देत होते. बाँडचं नाव काढलं की लोक तोंड फिरवत होते, आणि तेव्हा घेणाऱ्यांनी पुढे भरपूर कमावलं. जुन्या बाँडधारकाचं नुकसान हीच नव्या खरेदीदाराची संधी असते. आपल्याकडेही लहान प्रमाणात हेच झालं. जून २०२२ मध्ये दहा वर्षांच्या रोख्याचा यील्ड ७.६ टक्क्यांपर्यंत गेला होता. २०२५ मध्ये महागाई उतरली, रेपो दर जूनपर्यंत ५.५० टक्के झाला आणि त्या चढ्या यील्डला घेतलेल्या रोख्यांच्या किमती वाढल्या.

महागाईपासून थेट संरक्षण देणारा बाँड असतो का? भारतात तो प्रयोग झालाय. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सामान्य ग्राहकांसाठी दहा वर्षांची बचत रोखे योजना आणली. व्याज किती, तर किरकोळ महागाईचा दर अधिक दीड टक्का. कागदावर याहून चांगलं काय हवं! पण लोकांनी पाठ फिरवली आणि काही महिन्यांतच विक्री बंद झाली. आता उपलब्ध आहेत ते २०२० पासूनचे सरकारी फ्लोटिंग रेट बचत रोखे. त्यांचं व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त असतं आणि दर सहा महिन्यांनी नव्यानं ठरतं. २०२२ मध्ये ते ७.१५ टक्के होतं, जुलै २०२३ मध्ये ८.०५ झालं. पण ते महागाईशी नाही, सरकारी बचत योजनेच्या दराशी बांधलेलं आहे. त्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये, महागाई ७.७९ टक्के असताना, या रोख्यांचं व्याजही तिच्या मागेच होतं.