एनएफएल : आक्रमणाला अनुकूल नियम आणि बचावाचा खेळ

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत पासचा खेळ बहरावा, गुण वाढावेत आणि चेंडू फेकणारा व झेलणारा खेळाडू सुरक्षित राहावा, यासाठी मुख्यतः १९७० च्या दशकापासून झालेले नियमबदल आणि त्यांतून बचावाच्या खेळाला आलेले नवे रूप. हे बदल दोन वेगळ्या प्रवाहांतून आले. एकाला प्रेक्षकांची आणि गुणफलकाची काळजी होती, दुसऱ्याला खेळाडूंच्या मानेची, मेंदूची आणि गुडघ्यांची. दोन्हींचा भार बचावावरच पडला, म्हणून चर्चेत त्यांची सतत सरमिसळ होते. बचावावर अन्याय झाला की नाही हे ठरवायचे, तर आधी हे प्रवाह वेगळे करावे लागतात.

खेळाचे मूळ गणित : आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रयत्नाला डाउन म्हणतात. चेंडू कवेत घेऊन धावायचे किंवा क्वार्टरबॅकने तो पुढे फेकायचा आणि रिसीव्हरने झेलायचा, असे दोन मार्ग असतात. समोर बचावाचे अकरा खेळाडू असतात : पुढे लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर, आणि पासवर पहारा ठेवणारे कॉर्नरबॅक व सेफ्टी. पासला पूर्ण मोकळीक सुरुवातीपासून नव्हती. चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या मागून, कुठूनही, चेंडू पुढे फेकण्याची मुभा एनएफएलने १९३३ मध्ये दिली. त्याआधी फेकणाऱ्याला रेषेच्या किमान पाच यार्ड मागे उभे राहावे लागे.

१९७७ पर्यंत : चेंडू हवेत नसेल तोवर रिसीव्हरला धक्के देण्याची बचावाला जवळपास मोकळीक होती. ‘नाइट ट्रेन’ या टोपणनावाने गाजलेल्या डिक लेनने १९५२ मध्ये, अवघ्या १२ सामन्यांच्या हंगामात, १४ इंटरसेप्शन केली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास स्वतःच झेलले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. १९७० च्या दशकात बचावाचे वर्चस्व टोकाला गेले. पिट्सबर्ग स्टीलर्सने १९७६ च्या शेवटच्या नऊ सामन्यांत मिळून केवळ २८ गुण दिले आणि त्यांतल्या पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण घेऊ दिला नाही. पुढच्याच वर्षी अटलांटा फाल्कन्सने १४ सामन्यांत फक्त १२९ गुण दिले. तरीही तो संघ सात सामने जिंकला आणि सात हरला, कारण त्याच्या स्वतःच्या आक्रमणालाही गुण मिळत नव्हते. १९७७ मध्ये प्रत्येक संघाची सामन्यामागील सरासरी १७.२ गुणांवर उतरली. १९४२ नंतर इतकी कमी सरासरी कधी आली नव्हती.

लीगने आधी कडेकडेचे उपाय करून पाहिले. १९७२ मध्ये मैदानावरच्या आडव्या खुणा आत सरकवल्या, १९७४ मध्ये गोलखांब मैदानाच्या मागच्या टोकाला नेले. १९७७ मध्ये रिसीव्हरला एकदाच धक्का देता येईल असे ठरले. यांपैकी कशानेही खेळाचा तोल बदलला नाही.

१९७८ चा बदल : या वर्षी दोन नियम एकदम आले. पहिल्या नियमाने रिसीव्हरला धक्का देण्याची मुभा रेषेपासून पाच यार्डांपुरती ठेवली. त्यापुढे त्याला हात लावणे दंडपात्र ठरले. स्टीलर्सचा उंचापुरा, ताकदवान कॉर्नरबॅक मेल ब्लाउंट रिसीव्हरला मैदानभर दाबून ठेवत असे, म्हणून लोकांनी या नियमाला त्याचेच नाव दिले. १९७५ मध्ये ११ इंटरसेप्शन करून तो वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. दुसऱ्या नियमाने आक्रमणाच्या लाइनमनना क्वार्टरबॅकचे रक्षण करताना हात लांबवून उघड्या तळव्यांनी समोरच्याला थोपवण्याची परवानगी दिली.

या जोडीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो. पासची चाल वेळेवर चालते. क्वार्टरबॅक ठरलेली पावले मागे टाकतो आणि रिसीव्हर वळण्याच्या आधीच त्या जागी चेंडू सोडतो. रिसीव्हरला बाराव्या यार्डावर खांद्याचा धक्का बसला की ही घडी विस्कटते, क्वार्टरबॅकला चेंडू धरून थांबावे लागते आणि तेवढ्यात बचावाचे लाइनमन त्याच्यापर्यंत पोहोचतात. मागचा कॉर्नरबॅक आणि पुढचा लाइनमन असे एकमेकांसाठी वेळ कमावत. १९७८ ने ही भागीदारी दोन्ही टोकांकडून तोडली. रिसीव्हर लवकर मोकळा होऊ लागला आणि क्वार्टरबॅकवर चालून जाणारा उशिरा पोहोचू लागला. एकदिवसीय क्रिकेटमध्ये वर्तुळाच्या नियमाने क्षेत्ररक्षकाची जागा बांधली गेली, इथे बचावपटूचे हातच बांधले गेले.

परिणाम लगेच दिसला. प्रत्येक संघाची पासने मिळणाऱ्या यार्डांची सामन्यामागील सरासरी एका वर्षात सुमारे १४२ वरून १५९ वर गेली. गुणांची सरासरी १९८० पर्यंत २० च्या वर पोहोचली. सॅन डिएगोच्या डॅन फाउट्सने १९७९ ते १९८१ सलग तीन हंगाम पासच्या यार्डांचा विक्रम मोडला, आणि १९८४ मध्ये मायामीच्या डॅन मरिनोने ५,०८४ यार्ड व ४८ टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचवून गुण देणारे पास) अशी मजल मारली. ज्यांच्या बचावामुळे नियम बदलला असे म्हणतात, त्या स्टीलर्सनीही नव्या नियमांचा फायदा उठवला. क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ १९७८ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाने डॅलसला ३५–३१ असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

दंडांची विषम मोजणी : बचावाची खरी कोंडी दंडाच्या रचनेत आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का दिल्यास दंड पाचच यार्डांचा असतो, पण त्यासोबत आक्रमणाला नवा पहिला डाउन आपोआप मिळतो. म्हणजे १५ यार्ड हवे असताना बचावाने चाल अडवली, तरी दूर कुठे तरी लागलेल्या एका हाताने सगळी मेहनत वाया जाते. हवेतल्या चेंडूच्या वेळी रिसीव्हरला अडवले, तर जिथे अडवले तिथेच चेंडू ठेवला जातो, मग ते अंतर ४० यार्ड का असेना. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याच चुकीचा दंड १५ यार्डांपुरता मर्यादित आहे. उलट आक्रमणाने तशीच अडवणूक केली, तर दहा यार्ड मागे जाऊन तोच डाउन पुन्हा खेळायचा असतो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते बचावावर खरा अन्याय कुठे असेल तर तो या मोजणीत आहे. महाविद्यालयाची मर्यादा एनएफएलने स्वीकारायला हवी.

अंमलबजावणीचे वजन : १९७८ नंतर पासवरील बचावाच्या नियमाचे शब्द फारसे बदलले नाहीत. बदलला तो पंचांचा काटेकोरपणा. जानेवारी २००४ मध्ये फॉक्सबरो येथे न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना २४–१४ असे हरवले. पेट्रियट्सच्या बचावाने रिसीव्हरना सामनाभर जखडून ठेवले आणि कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगची चार इंटरसेप्शन झाली. त्यांतली तीन एकट्या टाय लॉची होती. कोल्ट्सचे व्यवस्थापक बिल पोलियन लीगच्या नियमविषयक समितीवर होते. त्या उन्हाळ्यात जुनाच नियम कडकपणे लावण्याचे आदेश निघाले, दंडांची संख्या दुपटीहून अधिक झाली, आणि मॅनिंगने २००४ च्या हंगामात ४९ टचडाउन पास टाकून मरिनोचा विक्रम मोडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या दांडग्या बचावाने डेन्व्हरला सुपर बोलमध्ये ४३–८ असे चिरडले. डेन्व्हरने त्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम केला होता. त्यानंतरही तसाच आदेश निघाला. अशा वेळी बचावपटूला नियमपुस्तक वाचून भागत नाही. या वर्षी पंच काय पाहणार आहेत, हे त्याला ओळखावे लागते.

सुरक्षेचे नियम : दुसरा प्रवाह वेगळा मोजायला हवा. चेहऱ्याची जाळी पकडणे १९६२ पर्यंत सर्वांबाबत निषिद्ध झाले. डीकन जोन्सने गाजवलेला, लाइनमनच्या शिरस्त्राणावर तळव्याने मारायचा तडाखा १९७७ मध्ये बंद झाला. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंडमध्ये एका सराव सामन्यात बचावपटू जॅक टेटमच्या धडकेने न्यू इंग्लंडचा रिसीव्हर डॅरिल स्टिंगली आयुष्यभरासाठी जायबंदी झाला. त्या धडकेवर पंचांनी दंड दिला नाही, कारण तेव्हा ती नियमात बसत होती. नियमात बसणारी धडक माणसाला कायमचे अपंग करू शकते, तेव्हा नियमच बदलायला हवा. त्या बदलाला बचावाचे नुकसान म्हणणे रास्त नाही. मागून गळपट्टीला धरून खाली ओढण्यावर २००५ मध्ये बंदी आली. २००६ आणि २००९ मध्ये क्वार्टरबॅकच्या गुडघ्यांना संरक्षण मिळाले. झेल घेताना बेसावध असलेल्या रिसीव्हरच्या डोक्याला मारण्यावरही २००९ पासून कडक निर्बंध आले.

मात्र हेतू योग्य असला तरी खेळावर परिणाम होतोच. पूर्वी मैदानाच्या मधोमध धावणारा रिसीव्हर सेफ्टीच्या धडकेच्या भीतीने बिचकत असे. ती भीती गेल्यावर मधला पट्टा मोकळा झाला आणि केवळ जोरदार धडकेवर जगणाऱ्या सेफ्टीची किंमत उतरली. २०१८ मध्ये क्वार्टरबॅकवर अंगाचा पूर्ण भार टाकून पडणे दंडपात्र असल्याचे कठोरपणे बजावले गेले, आणि नियमाची दुसरी बाजू दिसली. ग्रीन बे पॅकर्सच्या क्ले मॅथ्यूजला मिनेसोटाविरुद्ध असा दंड झाला, त्यामुळे संघाचे एक इंटरसेप्शन रद्द झाले आणि सामना २९–२९ असा बरोबरीत सुटला. पुढच्या आठवड्यात मायामीच्या विल्यम हेजने क्वार्टरबॅकवर भार पडू नये म्हणून पडता पडता अंग वळवले. त्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. धावत येणाऱ्या भल्यादांडग्या माणसाने हवेत असताना आपले वजन कुठे पडेल ते ठरवावे, ही अपेक्षा शरीराच्या मर्यादेपलीकडची आहे. त्या वर्षी गवगवा झाल्यावर पंचांचा हात सैल पडला.

आकडे वाचताना : वेगवेगळ्या काळांतील बचावांची थेट तुलना फसवी ठरते. १९७७ मध्ये दर शंभर पासांपैकी सुमारे ५१ पूर्ण होत, २०१८ मध्ये सुमारे ६५. एका हंगामात ११ इंटरसेप्शनचा पल्ला १९८१ मध्ये डॅलसच्या एव्हरसन वॉल्सने गाठला, त्यानंतर तो थेट २०२१ मध्ये डॅलसच्याच ट्रेव्हन डिग्जला साधला. म्हणून बाल्टिमोर रेव्हन्सने २००० मध्ये १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले, ही कामगिरी फाल्कन्सच्या १२९ च्या तोडीची, किंबहुना तिच्याहून अवघड मानावी लागते.

बचावाचे नवे उपाय : हात बांधले गेल्यावर बचावाने आपले बळ दुसरीकडे नेले. रिसीव्हरला रोखता येत नाही, तर चेंडू सुटण्याआधी क्वार्टरबॅकला गाठावे, हा पहिला मार्ग. १९८१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्समध्ये आलेल्या लॉरेन्स टेलरने कडेने झेपावणाऱ्या लाइनबॅकरचे काम नव्याने घडवले. सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसह रेषेमागे पाडणे, १९८२ पासून अधिकृतपणे मोजले जाऊ लागले. टेलरने १९८६ मध्ये २०.५ सॅक करून लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. बचावपटूला हा मान क्वचितच मिळतो.

दुसरा मार्ग माणसाऐवजी जागा राखण्याचा. टोनी डंजी १९७७ आणि १९७८ या दोन हंगामांत स्टीलर्सचा सेफ्टी होता, म्हणजे नवा नियम आला तेव्हा तो मैदानात होता. तिथे बड कार्सन यांनी रुजवलेली पद्धत त्याने आत्मसात केली. मागे दोन सेफ्टींनी मैदान वाटून घ्यायचे आणि कॉर्नरबॅकने पाच यार्डांच्या आत धक्का देऊन आपली जागा राखायची, असे तिचे स्वरूप होते. पुढे टॅम्पा बे बकनियर्सचा प्रशिक्षक झाल्यावर त्याने मॉन्टी किफिन यांच्यासह ती वाढवली. वेगवान मधला लाइनबॅकर मागे धावून खोल जागा भरी. हीच ‘टॅम्पा टू’. डंजी तिथून गेल्यानंतर जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये या बचावाने ओकलंडची पाच इंटरसेप्शन केली, आणि त्यांतल्या तिनांचे थेट टचडाउन झाले. डंजी तोवर कोल्ट्सचा प्रशिक्षक झाला होता. वर सांगितलेल्या २००४ च्या पराभवात पेट्रियट्सच्या धक्क्यांनी जे आक्रमण मोडले, ते त्याच्याच संघाचे होते.

तिसरा मार्ग चकव्याचा. सिनसिनाटीत आणि नंतर पिट्सबर्गमध्ये डिक लेबो यांनी लाइनमनला अचानक मागे पासच्या पहाऱ्यावर पाठवायचे आणि अनपेक्षित जागेवरून दुसऱ्यालाच क्वार्टरबॅकवर सोडायचे, हा ‘झोन ब्लिट्झ’ रूढ केला. खेळाडूंची शरीरयष्टीही बदलली. लाइनबॅकर हलके आणि चपळ झाले. पासवर पहारा देणारे पाच खेळाडू घेऊन खेळणे पूर्वी अपवाद होते, आज निम्म्याहून अधिक चाली तसेच खेळून होतात.

आक्रमणाचा विजय अंतिम झाला असे २०१८ मध्ये अनेकांना वाटले. १९ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस रॅम्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ५४–५१ असे हरवले. दोन्ही संघांनी पन्नाशी ओलांडल्याचा एनएफएलमधील तो पहिला सामना. अडीच महिन्यांनी, ३ फेब्रुवारी २०१९ रोजी, त्याच रॅम्सना पेट्रियट्सनी सुपर बोलमध्ये केवळ तीन गुणांवर रोखले. १३–३ हा सुपर बोलमधील सर्वांत कमी गुणांचा निकाल. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी रेषेवर सहा जण उभे करून धाव बंद केली आणि मागे माणसांऐवजी जागा राखल्या. २०२० मध्ये लीगची सरासरी २४.८ गुणांच्या उच्चांकावर गेली, पण प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांच्या वळणाने दोन सेफ्टी खोल ठेवून लांब पास नाकारणारा बचाव लीगभर पसरला आणि २०२२ पर्यंत सरासरी २२ च्या खाली आली. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फँजिओ फिलाडेल्फिया ईगल्सच्या बचावाचे सूत्रधार होते. त्यांनी सामनाभर एकदाही जादा माणूस क्वार्टरबॅकवर सोडला नाही. चार लाइनमनवरच भरवसा ठेवला आणि उरलेले सात जण पहाऱ्यावर ठेवले. चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केले गेले, मध्यंतराला गुणफलक २४–० होता, आणि ईगल्सनी सामना ४०–२२ असा जिंकला.