डिंभ्याचा दगड आणि अलिबागची भिंत

चुंबकासाठी आपण वापरतो ते शब्द प्रेमाच्या परिभाषेतले आहेत. ‘चुंबक’ म्हणजे चुंबन घेणारा आणि ‘अयस्कांत’ म्हणजे लोखंडाचा प्रियतम. समाधिस्थ शिवाचे मन उमेकडे ओढावे, हे सांगताना ‘कुमारसंभवा’त कालिदासाने अयस्कांताचीच उपमा योजली. परंपरेने चुंबकाच्या ठायी आकर्षण तेवढे पाहिले. पदार्थांची वागणूक मात्र याहून गुंतागुंतीची असते. 1845 मध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, चुंबकापुढे कोणताच पदार्थ सर्वस्वी उदासीन नसतो. तांबे, बिस्मथ, काच यांसारखे प्रतिचुंबकीय पदार्थ किंचित दूर लोटले जातात. समचुंबकीय पदार्थ किंचित ओढले जातात. लोखंडाची जातकुळी वेगळी. ते जोराने ओढले जाते आणि चुंबक दूर नेल्यावरही त्याचा संस्कार बाळगू शकते. या अखेरच्या गुणाचा, म्हणजे स्मरणाचा, आपल्या भूमीशी जो संबंध आहे, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले. या परिसरातील डोंगर दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे; जुन्नरची लेणीही याच दगडात कोरलेली. या दगडात मॅग्नेटाइट जातीच्या लोहखनिजाचे बारीक कण विखुरलेले असतात. काळा पाषाण आपल्या वाङ्मयात मुकेपणाचे प्रतीक ठरला आहे. होकायंत्राच्या दृष्टीने मात्र तो बराच बोलका आहे.

हे बोलणे कुठे अडचणीचे ठरले, हे पाहण्यासाठी किनाऱ्यावर उतरावे लागते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची नियमित मोजणी सुरू झाली. मराठी गद्याच्या अभ्यासकांना परिचित असलेले केरो लक्ष्मण छत्रे याच वेधशाळेत प्रा. आर्लिबार यांच्या हाताखाली घडले. 2 सप्टेंबर 1859 रोजी सौर वादळाने पृथ्वीचे चुंबकक्षेत्र विस्कटले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घट नोंदवली. पुढे दीडशे वर्षांनी, 2003 मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता ठरवताना याच नोंदींचा आधार घेतला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार हे निश्चित झाले. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा प्रवाह स्वतःचे चुंबकक्षेत्र निर्माण करतो. त्या गोंगाटात पृथ्वीचा सूक्ष्म स्वर हरवला असता. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली. 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून जुन्या मालिकेला नवी मालिका सांधता आली. ट्राम 1907 मध्ये धावली.

आमच्या दृष्टीने लक्षणीय आहे ती अलिबागची इमारत. कोकणात काळ्या दगडाला तोटा नाही. तरीही भिंतींसाठी पारखून आणला तो पोरबंदरी दगड. त्याच्या जोडीला तांबे, पितळ आणि सागवान. लोखंडाला तेथे मज्जाव होता. बेसाल्टच्या भिंतीने स्वतःचे चुंबकत्व मोजणीत मिसळले असते. पायाखालचा खडक बदलता येत नाही, पण भिंतीचा दगड निवडता येतो. ऐकण्यासाठी बांधलेल्या घराला जवळजवळ मौन पाळणारे साहित्य हवे होते.

पण अलिबागने नाकारलेला हाच गुण पुढे भूवैज्ञानिकांनी साक्षीला बोलावला. लाव्हा थंड होताना ठरावीक तापमानाखाली (शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ते सुमारे 580 अंश सेल्सियस) त्यातील खनिजकण त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धारण करतात, आणि खडक पुन्हा तापला नाही तर ती कोट्यवधी वर्षे टिकू शकते. दख्खनच्या खडकांतील ही दिशा क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी मोजली; त्यांचा निबंध 1956 मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या अक्षांशाला शोभणारी दिशा त्यांना आढळली नाही. खडक थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असा त्या तफावतीचा अर्थ. भूखंडे सरकतात ही कल्पना तेव्हा अनेक विद्वानांना मान्य नव्हती; तिच्या बाजूने दख्खनच्या दगडाने साक्ष दिली. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दक्षिण गोलार्धात थिजलेली ही भूमी आज 19 अंश उत्तरेला आहे.

संहितासंपादनाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे ओळखीचे काही जाणवेल. लिपिकाराने पोथीत केलेला बदल मूळ पाठ शोधणाऱ्या संपादकाला दोष वाटतो, तर भाषेचा इतिहास लिहिणाऱ्याला तोच पुरावा असतो. बदल एकच, प्रश्न दोन. मूस यांना पृथ्वीचा वर्तमान ऐकायचा होता, म्हणून भिंतीच्या दगडाची स्मृती त्यांना दूर ठेवावी लागली. क्लेग आणि सहकाऱ्यांना भूतकाळ हवा होता, म्हणून त्या स्मृतीवाचून त्यांचे चालले नसते. एखादे साधन सदोष म्हणून टाकताना आपण त्याला कोणता प्रश्न विचारला होता, हे तपासणे वाङ्मयेतिहासातही अगत्याचे आहे. डिंभ्याच्या काळ्या दगडाला मुका म्हणणे ही आपल्या भाषेची सवय आहे, दगडाचा स्वभाव नव्हे.