घड्याळाची परीक्षा

श्रोतेहो, एका शाळेत दोन घड्याळे आहेत असे धरा. हेडमास्तरांचे घड्याळ रोज न चुकता पाच सेकंद पुढे जाते. गुरुजींचे घड्याळ आज दहा सेकंद पुढे, उद्या बारा सेकंद मागे. पण महिनाअखेर गोळाबेरीज केली तर जवळजवळ बरोबर! यातले चांगले कोणते? आपण म्हणू, गुरुजींचे. घड्याळांची परीक्षा घेणारे मात्र हेडमास्तरांच्या घड्याळाला जास्त गुण देतील. असे का, याचीच ही हकीकत. ती सुरू होते समुद्रावर.

२२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजे फुटली. हजारावर माणसे बुडाली. आपण नेमके कुठे आलो आहोत हेच खलाशांना उमगले नव्हते. उत्तर-दक्षिण किती आलो, म्हणजे अक्षांश, हे ध्रुवतारा किंवा दुपारचा सूर्य पाहून सांगता येई. पूर्व-पश्चिम किती आलो, म्हणजे रेखांश, तो काही नीट कळत नसे.

उपाय सांगायला सोपा होता. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. निघालेल्या बंदराची वेळ घड्याळात जपायची, भर समुद्रात सूर्य माथ्यावर आला की घड्याळ पाहायचे, आणि दोन वेळांच्या फरकावरून रेखांश काढायचा. पण डुलणाऱ्या जहाजावर, थंडीत नि उन्हात, वेळ जपणारे घड्याळ होते कुणाकडे? १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. वेस्ट इंडीजच्या सफरीत अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगता येईल अशी रीत जो शोधील त्याला २०,००० पौंड! अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सहा आठवड्यांत दोन मिनिटे, म्हणजे दिवसाला तीन सेकंदांचीही चूक चालायची नाही.

हे काम केले एका सुताराने. जॉन हॅरिसन त्याचे नाव. १६९३ साली जन्मलेला हा माणूस घड्याळे करायला आपले आपणच शिकला. तीन मोठी यंत्रे करून झाल्यावर १७५९ साली त्याने चौथे पुरे केले. ते दिसायला खिशातल्या घड्याळासारखे, पण तळहाताहून मोठे. १७६१ साली त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमेकाला निघाला. ८१ दिवसांनी हिशेब झाला तेव्हा चूक निघाली अवघी पाच सेकंदांची!

आता इथे मेख आहे. ते घड्याळ रोज सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडत असे. ही रोजची 'चाल' हिशेबात धरली, म्हणून पाच सेकंद उरले. पण ही चाल निघण्यापूर्वी परीक्षक मंडळासमोर ठरलेली नव्हती. मंडळ म्हणाले, हा योगायोग असेल, पुन्हा परीक्षा द्या. १७६४ साली विल्यम बार्बाडोसला गेला. या खेपेला त्याने आधीच सांगून ठेवले की घड्याळ रोज सरासरी एक सेकंद पुढे जाते असे धरा. ४७ दिवसांत चूक निघाली ३९ सेकंदांची. मुभा होती दोन मिनिटांची. तरी मंडळाने आधी घड्याळ उघडून दाखवायला लावले, मग निम्मेच बक्षीस दिले. पुढे ग्रिनिचच्या वेधशाळेत दहा महिने तपासणी झाली, आणि तिथे ते नापास ठरले. खोलून दाखवलेले घड्याळ पुन्हा नीट लावलेले नव्हते, ही हॅरिसनची तक्रार. अखेर १७७३ साली पार्लमेंटने त्याला आणखी ८,७५० पौंड दिले. तेव्हा म्हातारा ऐंशीचा होता.

हॅरिसनच्या वाट्याला मनस्ताप आला खरा. पण या वादाने एक गोष्ट दाखवून दिली. परीक्षेचे नियम आधी ठरले पाहिजेत, आणि पाहायची ती घड्याळाची चाल. चूक ठाऊक असली आणि रोज तेवढीच असली, तर ती वजा करता येते. चूक लहरी असली की उपाय खुंटला. पुढे अशी घड्याळे जहाजांवर रूढ झाली आणि बंदरोबंदरी ती पडताळून पाहण्याची गरज पडली. आपल्या मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली. बंदरातल्या जहाजांसाठी वेळ राखणे हे तिचे एक कामच होते.

खिशातल्या घड्याळांची परीक्षा लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत १८८४ पासून होऊ लागली. वरच्या वर्गाची परीक्षा ४५ दिवसांची. घड्याळ कधी आडवे, कधी उभे. कधी थंड पेटीत, कधी गरम पेटीत. याला कारण आहे. घड्याळाच्या पोटात बॅलन्सचे चाक पुढेमागे झुलते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला परत ओढते. उष्णतेने स्प्रिंग सैलावते व घड्याळ मागे पडते. चाकाचे वजन एका बाजूला तीळभर जास्त असले, तर उभे ठेवल्यावर चाल बदलते. गुण होते शंभर. चाल रोज सारखी राहण्याला ४०, ठेवण बदलूनही न बदलण्याला ४०, थंडी-उष्णता सोसण्याला २०. नुसती वेळ बरोबर दाखवण्याला वेगळा एकही गुण नव्हता!

स्वित्झर्लंडमध्ये १९७३ साली स्थापन झालेली संस्था आजही अशी परीक्षा घेते. पंधरा दिवस, पाच ठेवणी, आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशी तीन तापमाने. रोजची सरासरी चाल चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढ्यात बसली पाहिजे. शिवाय ती दिवसादिवसाला फार हलता कामा नये. तेव्हाच प्रमाणपत्र मिळते.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही परीक्षा वर्गातही घेता येईल. एखादे चावीचे घड्याळ घ्या. रोज ठरल्या वेळी चावी द्या, रेडिओच्या वेळेशी ताडून फरक मुलांना वहीत मांडायला सांगा. पाच दिवस घड्याळ आडवे ठेवा, पाच दिवस उभे. दहा ओळी झाल्या की त्या घड्याळाचा स्वभाव मुलेच तुम्हाला सांगतील. फक्त मध्येच काटे फिरवू नका. चूक दिसू दिली, तरच ती मोजता येते.