मिरवणूक आणि सामूहिक अस्मिता : आयर्लंड व महाराष्ट्र

सार्वजनिक मिरवणूक ही केवळ करमणूक नसून समाजाच्या अस्मितेचा तो प्रकट आविष्कार असतो. इ.स. १७६२ मध्ये न्यूयॉर्क येथे ब्रिटिश सैन्यातील आयरिश सैनिकांनी संत पॅट्रिक दिनानिमित्त संचलन केले. मायभूमी परसत्तेखाली असताना आयरिश ओळख परक्या भूमीवर अशी प्रकट झाली. डब्लिनमधील पहिले शासकीय संचलन मात्र आयरिश फ्री स्टेटच्या स्थापनेनंतर, १९३१ मध्ये निघाले.

महाराष्ट्रात १८९३ पासून गणेशोत्सवास व्यापक सार्वजनिक रूप लाभले. लोकमान्य टिळकांनी त्यास लोकजागृतीचे साधन बनविले. मेळ्यांची पदे हे त्याचे प्रभावी माध्यम ठरले. आयरिश चळवळीपासून प्रेरणा घेतलेल्या होमरूल लीगची स्थापना टिळकांनी १९१६ मध्ये बेळगाव येथे केली. तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडाचा समावेश होता. किन्हीराजासह आजचा वाशीम जिल्हा तेव्हा त्याच वऱ्हाडात मोडत असे.

१९९६ मध्ये डब्लिनच्या उत्सवास शासनाच्या पुढाकाराने महोत्सवाचे स्वरूप आले. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवास राज्य महोत्सव घोषित केले. राजाश्रयामुळे उत्सवाची भव्यता वाढते; तथापि दोन्ही परंपरांचा उगम राजाश्रयात नव्हे, तर लोकांच्या पुढाकारात आहे. तो पुढाकार ओसरल्यास मिरवणूक उरेल, अस्मिता उरणार नाही.